वर्गणीतून उडालेलं अंतराळयान

मंडळी, पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर आत्ता सोडा, रात्री जेवणं झाल्यावर वाचा. पाणीपट्टीवरची पोस्ट उद्या टाकतो, विसरलेलो नाही.

गेल्या महिन्यात चार पोरं ऑफिसला आली. ऑफिस म्हणजे स्टँडच्या मागची आपली दहा बाय बाराची खोली, तुम्हाला माहितीच आहे. तीन मुलगे, एक मुलगी. एकाच्या हातात पावती पुस्तक बघून मी म्हणालो, "अरे, गणपतीला अजून अवकाश आहे की." तर म्हणे, "सर, गणपती नाही. वेबसिरीज करतोय. सहा भाग. आपल्या सूतगिरणीवर."

सूतगिरणी म्हटल्यावर मी खुर्चीत जरा सावरून बसलो. गिरणी बंद पडली तेव्हा ज्यांची देणी राहिली त्यांतले निम्मे लोक माझ्या ओळखीचे आहेत, आणि ज्यांच्यामुळे राहिली तेही. विचारलं, पैसे कोण देणार? जाहिरातदार कोणी मिळणार नाही, हे पोरांनाही कळत होतं. आपल्या गावात ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे आहेत तो कुठल्या ना कुठल्या संचालकाचा पाहुणाच निघतो. "लोकांकडून घेणार सर. शंभर, दोनशे, पाचशे. जमेल ते."

मी हसलो. मोठ्या माणसासारखं, वाईट हसलो. म्हणालो, "बाळांनो, वर्गणीवर महाप्रसाद होतो. सिरीज होत नसते."

मुलगी तोपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "झालीये सर. अमेरिकेत. अकरा भाग आहेत, यूट्यूबवर फुकट. आधी बघा, मग नाही म्हणा." आणि मला मोबाइलवर लिंक पाठवून चौघं निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

मी अकराच्या अकरा भाग बघितले. काही दोनदा. ही पोस्ट त्यावर आहे, पण नुसती सिरीज सांगून कळणार नाही. तिच्या मागे जवळजवळ पन्नास वर्षांची भानगड आहे, तिथून सुरू करावं लागेल.

सिरीजचं नाव 'स्टार ट्रेक कंटिन्यूज'. माझ्या वयाच्या लोकांना 'स्टार ट्रेक' म्हटलं की दूरदर्शन आठवेल. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी लागायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या काकांकडे जाऊन बसायचो. इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही. टोकदार कानांचा एक माणूस होता आणि माणसं चमचम करत एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवायची, एवढंच डोक्यात राहिलंय. काकूंना तो कानवाला राक्षस वाटायचा. तो त्या यानातला सगळ्यात शहाणा माणूस होता, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

ही मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. जीन रॉडनबेरी हा तिचा कर्ता. पूर्वी पोलिसात नोकरी केलेला, आधीच्या युद्धात विमानं चालवलेला माणूस. गोष्ट साधी: 'एंटरप्राइज' नावाचं यान पाच वर्षांच्या मोहिमेवर निघालंय, दर आठवड्याला नवा ग्रह, नवी अडचण. पण यानाच्या मुख्य खोलीत बसलेली माणसं बघा. आफ्रिकी वंशाची एक अधिकारी स्त्री, जपानी वळणाच्या चेहऱ्याचा एक जण, आणि दुसऱ्या वर्षापासून चक्क एक रशियन. तो काळ लक्षात घ्या. अमेरिकेत काळ्या लोकांच्या मतदानाचा कायदा होऊन वर्षच झालेलं, आणि रशियाशी शीतयुद्ध ऐन भरात. त्या जपानी चेहऱ्याच्या नटाने, जॉर्ज टाकेईने, दुसऱ्या महायुद्धात लहानपणीची काही वर्षं अमेरिकी सरकारच्या छावणीत काढली होती. गुन्हा काय, तर आईबाप जपानी वंशाचे. अशा माणसाला तुम्ही यानाच्या सुकाणूवर बसवता, तेव्हा भाषण ठोकायची गरज उरत नाही.

लोकांना मालिका आवडायची, पण वाहिनीच्या हिशोबात प्रेक्षक कमी पडायचे. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा बीजो ट्रिंबल नावाची एक बाई आणि तिचा नवरा जॉन कामाला लागले. ना नट, ना निर्माते. नुसते प्रेक्षक. इंटरनेट नाही, फोन महाग. त्यांनी विज्ञानकथेच्या वाचकांचे पत्ते गोळा केले आणि सगळ्यांना कळवलं: वाहिनीला पत्र लिहा, आणि आणखी दहा जणांना लिहायला सांगा. विद्यापीठातली पोरं मशाली घेऊन वाहिनीच्या दारावर मोर्चा घेऊन गेली. एनबीसीनेच नंतर दिलेला आकडा लाखाच्या वर पत्रांचा आहे. १ मार्च १९६८ च्या रात्री भाग संपल्यावर वाहिनीने जाहीर करून टाकलं की मालिका बंद होत नाहीये.

इथे टाळ्या वाजवून थांबू नका. वाहिनीने मालिका ठेवली, पण कशी ठेवली ते बघा. वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. बघणारा वर्ग कॉलेजातला, तो शुक्रवारी रात्री दहाला घरी कशाला थांबतोय? भागाचं बजेट कापलं. रॉडनबेरी वैतागून रोजच्या कामातून बाजूला झाला. ३ जून १९६९ ला शेवटचा भाग लागला. एकूण ७९ भाग, तीन वर्षं. सुरुवातीच्या निवेदनात दर आठवड्याला पाच वर्षांची मोहीम म्हणून सांगत होते, ती तिसऱ्या वर्षीच तुटली. ना निरोप, ना शेवट. यान अंतराळात तसंच लटकत राहिलं.

बंद करायचं नाही, पण जगूही द्यायचं नाही, ही पद्धत आपल्याला नवी नाही. आपल्या तालुक्यातली वाचनालयं आठवा.

मग झालं उलटंच. बंद पडलेली मालिका गावोगावच्या छोट्या टीव्ही केंद्रांनी स्वस्तात घेऊन संध्याकाळी दाखवायला सुरुवात केली आणि तिचे खरे चाहते तेव्हा तयार झाले. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला पहिला मोठा चाहता मेळावा झाला. काही शे लोक येतील असा अंदाज होता, आले काही हजार. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या शटलला 'एंटरप्राइज' हे नाव मिळालं, तेही चाहत्यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्रांचा पाऊस पाडल्यामुळे. १९७९ मध्ये सिनेमा आला. पुढे नव्या मालिका आल्या, मालक कंपन्यांना अमाप पैसा मिळाला. पण मोहिमेची ती राहिलेली दोन वर्षं कोणी शेवटापर्यंत पुरी करून दाखवली नाहीत.

मग ती वर्षं चाहत्यांनी स्वतःच दाखवायची ठरवली.

यात पहिलं मोठं नाव जेम्स कॉली. माणूस एल्विस प्रेस्लीची नक्कल करून पोट भरणारा. खरंच, स्टेजवर एल्विस होऊन गाणी म्हणायचा. त्या कमाईतून त्याने न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, लहान गावात, मूळ यानाचा सेट उभा केला. मोजून मापून, बटणाला बटण. २००४ मध्ये त्याच्या 'न्यू व्हॉयेजेस'चा पहिला भाग इंटरनेटवर आला. तेव्हा यूट्यूब जन्मलंही नव्हतं, लोक फाइल उतरवून घेऊन बघायचे. कॉली स्वतः कॅप्टन झाला. अभिनय? आपल्या हौशी नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत बसेल असा. पण सेट बघून जुन्या मालिकेतल्या लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. जुने नट आपणहून आले. वॉल्टर कोनिग आला, टाकेई आला. टाकेईच्या भागाला २००८ मध्ये ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालं. विज्ञानकथेतला हा फार मोठा पुरस्कार. हौशी मंडळींचा भाग बीबीसीच्या 'डॉक्टर हू'च्या रांगेत बसला. हरला, पण त्या रांगेत बसून हरला.

एक गोष्ट सांगायची राहिली. हे सगळं चालायचं मालकाच्या मर्जीवर. 'स्टार ट्रेक'चे हक्क तेव्हा सीबीएस आणि पॅरामाउंटकडे होते. त्यांचा अलिखित नियम असा होता की प्रेमाने करताय तर करा, आम्ही बघितलं नाही असं समजू, पण एक पैसाही कमवायचा नाही. तिकीट नाही, डीव्हीडी विकायची नाही. म्हणजे लोकांकडून पैसे घेऊन बनवायचं आणि फुकट वाटायचं. भंडाऱ्याचा हिशोब. शिधा वर्गणीतून, पंगत सगळ्यांना.

'स्टार ट्रेक कंटिन्यूज' या नियमावरच उभी राहिली. विक मिन्याना नावाचा माणूस, धंदा व्यंगपटांना आवाज देण्याचा, त्याने २०१३ मध्ये पहिला भाग आणला. जॉर्जिया राज्यातल्या किंग्जलँड गावी सेट. त्याच वर्षी किकस्टार्टरवर, म्हणजे ऑनलाइन वर्गणीच्या साइटवर, हाक दिली. एक लाख डॉलर मागितले, सव्वा लाखाच्या वर जमले. तेव्हाच्या भावाने पाऊण कोट रुपये धरा. पुढच्या वेळी दोन लाखांच्या वर.

पाऊण कोट ऐकून डोळे विस्फारू नका, "लो बजेट कसलं मग?" म्हणून. मूळ मालिकेच्या तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गरिबीतल्या वर्षी एका भागाला पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास लागायचे, तेही १९६८ चे डॉलर. महागाई धरली तर २०१३ मध्ये ते दहा लाखांच्या पुढे जातात. म्हणजे पहिल्या हाकेला जमलेली सगळी वर्गणी, त्या कंजूष काळातल्या एका भागाच्या खर्चाचा जेमतेम दहावा हिस्सा.

मग भागलं कसं? फुकट राबणाऱ्या हातांवर. सुतार, शिंपी, रंगारी, दिवेवाले, सगळे आपापल्या नोकरीतून रजा टाकून येणारे. दृश्यं करायला डग ड्रेक्सलर होता, 'डिक ट्रेसी' सिनेमाच्या रंगभूषेसाठी ऑस्कर मिळवलेला माणूस. यानाचा सुकाणूवाला झालेला ग्रँट इमाहारा म्हणजे 'मिथबस्टर्स'मधला इंजिनिअर. डिस्कव्हरी बघणाऱ्यांना चेहरा आठवेल. २०२० मध्ये अवघ्या ४९ व्या वर्षी गेला. आणि यानाचा मुख्य इंजिनिअर स्कॉटी कोण? ख्रिस डूहान. मूळ मालिकेत स्कॉटी करणाऱ्या जेम्स डूहानचा मुलगा. शेवटच्या भागात शत्रूपक्षाची एक सेनापती आहे, ती भूमिका १९६८ मध्ये जिने केली होती तिच्या मुलीनेच इथे केलीय. आपल्याकडे तमाशाच्या फडात बापाचं ढोलकं पोराकडे जातं, तसंच.

आता बघायची का, हा प्रश्न.

पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला हसू येईल. सेट लाकडी वाटतात, कारण ते लाकडीच आहेत, मूळचेही तसेच होते. भिंतींवर जांभळा, हिरवा उजेड. पडदा जुन्या टीव्हीसारखा चौकोनी. मिन्याना मूळ कॅप्टनच्या लकबी इतक्या मन लावून उचलतो की नक्कल आणि अभिनय यांच्यातली रेघ पुसते. काही भाग लांबलेत, काही उपदेशाला लागतात. 'डिव्हायडेड वुई स्टँड' हा अमेरिकी यादवी युद्धात जाणारा भाग मला तरी रटाळ वाटला.

पण पहिल्याच भागात एक गोष्ट आहे, तिच्यासाठी एवढं सहन करा. १९६७ च्या एका जुन्या भागात ग्रीकांचा देव अपोलो भेटला होता. एकटा पडलेला देव, माणसांनी परत आपली पूजा करावी म्हणून हट्टाला पेटलेला. मायकेल फॉरेस्ट नावाच्या तगड्या तरुण नटाने ते काम केलं होतं. ४६ वर्षांनी तोच नट परत येतो. म्हातारा. केस पांढरे, हात थरथरता. गोष्टीतही अपोलो म्हातारा झालाय, कशामुळे ते सांगत नाही. कुठल्याही स्टुडिओने हे काम तरुण नटाला दिलं असतं. इथे ज्यांनी भाग बनवला त्यांना तो म्हातारा आठवत होता, म्हणून तो म्हातारा आला. गोष्ट चाहत्यांच्या हातात गेली की काय होतं, ते मला या एका चेहऱ्यावर कळलं.

दुसरा भाग 'लोलानी'. गुलाम म्हणून विकली गेलेली एक मुलगी यानावर आसरा मागते. कॅप्टनला तिला ठेवायचंय, पण करार सांगतो की ती मालकाची 'मालमत्ता', परत द्या. वरून हुकूम येतो. मालकाचं काम ल्यू फेरिग्नोने केलंय, जुना 'हल्क'. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की कायदा पाळणाऱ्या चांगल्या माणसाला उशिरा सुचलेलं शहाणपण केवढ्याला पडतं, ते बघून मी त्या रात्री लवकर झोपलो नाही.

सातवा, 'एम्ब्रेसिंग द विंड्स'. याची गंमत इतिहासात आहे. १९६९ च्या अगदी शेवटच्या मूळ भागात असं सूचित केलंय की बाईला यानाची कॅप्टन होता येत नाही. सगळ्या माणसांना एका टेबलाशी बसवणारी मालिका, आणि जाता जाता ही घाण करून गेली. चाहत्यांना ते पन्नास वर्षं टोचत होतं. त्यांनी काय केलं? जुना भाग झाकला नाही, माफीनामा लिहिला नाही. तोच प्रश्न उचलून त्यावर अख्खी सुनावणी लावली. जागा एक, दावेदार दोन: एक तो कानवाला स्पॉक आणि एक पात्र बाई. बाईला नाकारण्याची कारणं ऐकताना मला आपल्या झेडपीच्या सभा आठवल्या. "आमचा विरोध नाही हो, पण समोरचे लोक ऐकणार नाहीत." शब्द वेगळे, चाल हीच.

निर्वासितांवरचा 'व्हॉट शिप्स आर फॉर' आहे, तोही बघा. आणि शेवटचे दोन भाग मिळून मोहीम संपवतात. १९६९ ला तुटलेलं १९७९ च्या सिनेमाला नेऊन जोडतात. जे काम कंपनीच्या हातून पन्नास वर्षांत झालं नाही ते लोकांच्या वर्गणीने झालं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हीच कमेंटमध्ये सांगाल. मिन्यानावर २०१९ मध्ये गैरवर्तनाचे आरोप झाले. त्याने ते नाकारले आणि बदनामीचा दावा लावला, तो कोर्टाने फेटाळला. त्यामुळे कोणाला ही सिरीज बघवली नाही तर मी वाद घालणार नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर त्या सेटवर रंध्याने फळ्या तासणाऱ्यांचं काम मी त्याच्या खात्यात टाकत नाही.

आणि पैशाची बाजू. 'अ‍ॅक्सनार' नावाची दुसरी एक चाहता मंडळी होती. त्यांनी दहा लाख डॉलरच्या वर वर्गणी जमवली. मालक कंपन्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये थेट कोर्टात खेचलं. जून २०१६ मध्ये सगळ्या चाहत्यांसाठी नियम आले: गोष्ट १५ मिनिटांची, फार तर दोन तुकड्यांत अर्धा तास. पुढचे भाग नाहीत, मालिका नाही. वर्गणी ५० हजार डॉलरच्या आत. कोणालाही मानधन नाही. मूळ मालिकांत काम केलेलं कोणी घ्यायचं नाही. हे शेवटचं कलम परत वाचा. म्हणजे म्हातारा अपोलो नाही.

कंपनी चूक होती असं मी सरसकट म्हणणार नाही. दहा लाख डॉलर लोकांनी विश्वासाने दिले की हिशोब विचारायचा हक्क कोणाला तरी पाहिजे. गोष्ट ज्याच्या मालकीची तो म्हणणार, माझ्या नावावर पैसे का गोळा करता? पण गोष्ट जिवंत ठेवली कोणी? १९६८ मध्ये पत्रं कंपनीने लिहिली नव्हती. कागदावरचा मालक एक आणि राखण करणारा दुसरा, ही भांडणं कुळकायद्याच्या मुलुखात राहणाऱ्या आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. 'कंटिन्यूज'चे तेव्हा पाच भाग यायचे बाकी होते. त्यांनी ते पुरे केले, नोव्हेंबर २०१७ मध्ये शेवटचा टाकला आणि थांबले. एवढ्या मोठ्या चाहता-मालिकेला आता त्या नियमांत जागाच नाही. त्या अर्थाने हे अकरा भाग म्हणजे बंद झालेल्या दाराच्या आत राहिलेली वस्तू आहे.

हे सगळं बघून झाल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. वर्गणीवर सिनेमा होत नाही म्हणणारा मी, पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना आम्हाला 'मंथन' दाखवला होता. १९७६ चा, श्याम बेनेगलांचा. गुजरातच्या दूध संघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख झाले, त्यातून सिनेमा झाला. निर्माते म्हणून पडद्यावर नाव येतं ते गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांचं. पटकथेत आपले तेंडुलकर, कामात आपली स्मिता. सिनेमा लागला तेव्हा शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला आले. २०२४ मध्ये त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कानच्या महोत्सवात दाखवली. दोन रुपयांची वर्गणी अठ्ठेचाळीस वर्षांनी फ्रान्सला पोचली, आणि मी पोरांना महाप्रसादाचे दाखले देत होतो.

फरक आहे, तो मान्य. 'मंथन'मागे कुरियनांसारखा माणूस आणि अख्खा संघ होता. पैसे दूध केंद्रावरच्या हिशोबातून गोळा होऊ शकत होते. 'कंटिन्यूज'मागे जगभर पसरलेले चाहते होते. आमच्या चार पोरांमागे एक पावती पुस्तक आहे.

आणि एक गोष्ट कबूल करायचीय. सूतगिरणी बंद पडली तेव्हा मी बातमी केली होती. कामगारांच्या देण्यांचा आकडा माझ्याकडे होता, कागदासकट. छापून आली ती अर्धी. उरलेली अर्धी कोणी कापली असं मला विचारू नका, कात्री माझ्याच हातात होती. त्या दिवाळीला अंकाला पानभर जाहिरात हवी होती, ती मिळाली. ज्यांचे पैसे राहिले त्यांतले एक काका अजून मला स्टँडवर भेटतात, तब्येत विचारतात. बातमीचं कधीच बोलले नाहीत.

परवा त्या मुलीला फोन करून सगळ्यांना बोलावून घेतलं. म्हणालो, दोन अटी. एक, दर रविवारी जमा-खर्च फळ्यावर लावल्यासारखा सगळ्यांसमोर टाकायचा, पाच रुपयांच्या वड्यासकट. दुसरी, गिरणीत काम केलेल्या लोकांना फक्त मुलाखतीला बसवायचं नाही, त्यांना काम द्यायचं. ज्याने वीस वर्षं साचा चालवलाय त्याच्यासारखे हात कुठला नट हलवणार? मुलगी म्हणाली, "सर, म्हातारा अपोलो." मी म्हणालो, "हो, तोच."

मग कपाट उघडून तो जुना कागद दिला तिला. आकड्यांचा. घडीवर फाटलाय, पण वाचता येतो.

पावती नंबर ३८. रक्कम ५०१. पोरांचं पुस्तक आमच्या ऑफिसात ठेवलंय, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. रविवारी बंद.

सिरीज बघायची असेल तर यूट्यूबवर नाव टाका, मिळेल. 'लोलानी'पासून सुरू करा. अपोलोचा भाग त्यानंतर, घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याबरोबर.